एका रस्त्याचे दोन हिवाळे

कॅनडात नव्याने आलेल्या माणसाला लोक पहिल्या आठवड्यात कोट कोणता घ्यावा हे सांगतात, दुसऱ्या आठवड्यात बूट कोणते घ्यावेत हे सांगतात आणि तिसऱ्या आठवड्यात टायरविषयी बोलू लागतात. कोट आणि बूट या बाबतीत सर्वांचे मत जवळजवळ सारखे असते. टायरच्या बाबतीत मात्र दोन माणसांचे एकमत झालेले मी या देशात अद्याप पाहिलेले नाही. मिस्सा संपल्यावर कॉफीच्या टेबलाभोवती राजकारणावर बोलताना आवाज खाली ठेवणारी मंडळी टायरचा विषय निघाला की उभी राहतात.

वसईच्या वाचकांना हे सारे थोडे विनोदी वाटेल. आपल्याकडे टायरचा विचार करतो कोण? टायर ‘गोटा’ झाला, म्हणजे त्याची नक्षी झिजून तो हाताला गुळगुळीत लागू लागला, की बदलायचा. आणि हात आखडता असेल तर रिमोल्ड करून आणखी एक पावसाळा काढायचा. मीही जव्हार-मोखाड्याच्या घाटांतून मिशनची जीप अशाच टायरांवर चालवलेली आहे. तिथे गाडीला एकच प्रश्न विचारायचा असे : चढाव चढशील ना? चिखलातून निघशील ना? येथे येऊन मला तो प्रश्न उलटा करावा लागला, आणि तो उलटा कसा झाला हेच या लेखात सांगायचे आहे.

माझ्या वाट्याला आलेला रस्ता आधी डोळ्यांपुढे आणावा लागेल. ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तरेला लेक सुपीरियर नावाचे सरोवर आहे. क्षेत्रफळाने ते जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठे. त्याच्या पूर्व काठाने १७ क्रमांकाचा महामार्ग उत्तरेकडे जातो. दक्षिणेला सू सेंट मरी हे शहर, तेथून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर वावा हे छोटे गाव, आणि तेथून आणखी नव्वद किलोमीटर आत गेले की व्हाइट रिव्हर. मधल्या पट्ट्यांत जंगल, खडक, पाणी आणि मूस नावाची घोड्याहून उंच सांबरे. हा रस्ता सलग जोडला गेला तो १९६० साली. त्याची आठवण म्हणून वावाने वेशीवर एका प्रचंड रानहंसाचा पुतळा उभारला. जुना झाल्यावर तो २०१७ मध्ये नव्याने बसवण्यात आला. गावाला रस्त्याचे एवढे अप्रूप का, हे पहिल्या हिवाळ्यातच कळते. हा रस्ता बंद झाला की जवळचा दुसरा रस्ता नसतो. वळसा घ्यायचा तर तो शेकडो किलोमीटरांचा.

या रस्त्यावर मला रविवारी दुसऱ्या मिस्सासाठी, मधल्या वारी आजाऱ्यांना भेटण्यासाठी आणि कधी एखाद्याला शहरातल्या इस्पितळात पोहोचवण्यासाठी जावे लागते. वाहन धर्मग्रामाचे आहे : अर्ध्या टनाच्या वर्गातला एक पिकअप ट्रक. येथल्या धर्मगुरूला मोटार पुरत नाही. अन्नवाटपाची खोकी, घडीच्या खुर्च्या, म्हाताऱ्यांच्या घरची जळाऊ लाकडे, बर्फ उडवण्याचे यंत्र, असे काही ना काही मागच्या हौद्यात असतेच. निदान जाताना असते. परतताना हौदा रिकामा होतो, आणि पिकअपची खरी गोम तिथेच आहे. इंजिनाचा भार पुढच्या चाकांवर, ढकलण्याचे काम मागच्या चाकांकडे, आणि मागे वजन काहीच नाही. अशा ट्रकचा मागचा भाग घसरड्या रस्त्यावर शेपटीसारखा हलतो. म्हणून येथले लोक नोव्हेंबर लागला की मागच्या आसावर येतील अशी वाळूची पोती हौद्यात बांधून ठेवतात. वाळूचा दुहेरी उपयोग, कारण अडकल्यावर तीच चाकांखाली टाकता येते.

‘पण फादर, ट्रकला फोर-व्हील आहे ना?’ हा प्रश्न मला वसईहून फोनवर विचारला जातो, आणि खरे सांगायचे तर कॅनडात जन्मलेले तरुणही तोच विचारतात. आहे. चारही चाके ओढू लागली की उभ्या चढावर ट्रक निघतो, साचलेल्या बर्फातून बाहेर येतो. परंतु ब्रेक तर साध्यातल्या साध्या गाडीलाही चारही चाकांना असतो. थांबण्याच्या कामी फोर-व्हीलची मदत शून्य. उलट, सहज वेग घेता येतो म्हणून माणसाला रस्ता आहे त्याहून बरा वाटू लागतो. या भागात रस्त्याकडेच्या चरात उलटलेली जी वाहने मी पाहिली, त्यांत पिकअप थोडे नव्हते.

आता बर्फाविषयी. आपल्या भाषेत बर्फ हा एकच शब्द. बर्फाच्या गोळ्याचा आणि हिमालयाचा बर्फ आपण एकाच शब्दात बसवतो. येथे मात्र त्याची निरनिराळी रूपे ओळखावी लागतात, कारण टायरचा संबंध त्यांच्याशी येतो. व्हाइट रिव्हरकडचा हिवाळा कोरडा आणि कडक. गावात एक भला मोठा थर्मामीटर रंगवलेला आहे आणि कॅनडातील सर्वांत थंड जागा असा त्या गावाचा जुना लौकिक आहे. हवामानशास्त्र तो मान मात्र युकॉनमधील स्नॅग या ठिकाणाला देते, जिथे १९४७ साली उणे ६३ अंश सेल्सियसची नोंद झाली. लौकिक खरा असो वा नसो, तिथे उणे तीस अंश ही जानेवारीतली साधी गोष्ट आहे. त्या थंडीत बर्फ कोरडा राहतो, पायाखाली करकर वाजतो, आणि मौज अशी की त्यावर टायर बऱ्यापैकी पकड घेतो.

सरोवराच्या काठचा हिवाळा निराळा. एवढे पाणी लवकर गोठत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात थंड वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि काठावर बर्फ होऊन कोसळतो. तापमान शून्याच्या आसपास घुटमळत राहते. पडलेला बर्फ अर्धा वितळतो, त्यात रस्त्यावर टाकलेले मीठ मिसळते, वरून मोठ्या लाकूडवाहू ट्रकांची चाके तो मळतात, आणि जे तयार होते त्याला येथे ‘स्लश’ म्हणतात. मी मनात त्याला बर्फाचा राडा म्हणतो. भाताच्या खाचरात चिखलणी झाल्यावर जो लगदा होतो, त्याचा करडा, गारठलेला भाऊबंद. हा राडा पाण्यापेक्षा जड आणि चिखलापेक्षा निसरडा. वेग थोडा वाढला की टायर तो कापण्याऐवजी त्यावर तरंगू लागतो आणि हातातले चक्र एकदम हलके होते. ज्याने तो हलकेपणा एकदा अनुभवला, तो तो विसरत नाही. दोन मार्गिकांच्या मधोमध या राड्याचा वरंबा साचतो. पुढे जाण्यासाठी मार्गिका बदलताना एका बाजूची चाके त्यात शिरली की तो ट्रकला आपल्याकडे खेचतो. आणि संध्याकाळी पारा उतरला की त्याच वरंब्याचा दगड होतो, त्याच चाकोऱ्यांची काच होते.

शून्य अंशाजवळचा बर्फ हा सर्वांत घसरडा. उणे वीस-तीसचा त्या मानाने शहाणा. आपल्याकडे जून महिन्यातल्या पहिल्या सरीने रस्ता जसा निसरडा होतो, धूळ आणि तेल पाण्यात मिसळल्याने, आणि पुढच्या मुसळधार पावसात तो जसा धुऊन निघतो, तसेच काहीसे म्हणा. माझ्या नव्वद किलोमीटरांत हे दोन्ही हिवाळे एकाच दिवशी भेटतात. सरोवराजवळ राडा, आत गेल्यावर कडक कोरडी थंडी, आणि परतताना अंधारात गोठलेला राडा. टायर निवडायचा तो यातल्या कोणत्या हिवाळ्यासाठी?

रबराचा स्वभाव आधी पाहू. उन्हाळ्यात मऊ असलेली गुळाची ढेप थंडीत सुरीला दाद देत नाही. रबराचेही तसेच. साध्या, बारमाही म्हणवल्या जाणाऱ्या टायरचे रबर सुमारे सात अंश सेल्सियसच्या खाली उतरले की ताठ होऊ लागते. उणे वीसला त्याची लवचीकता बरीच गेलेली असते, आणि ताठ रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत बसत नाही. हिवाळी टायरचे रबर असे बनवतात की ते कडक थंडीतही मऊ राहावे. म्हणजे हिवाळी टायर केवळ बर्फासाठी असतो असे नाही. कोरड्या पण गारठलेल्या डांबरावरही त्याचा उपयोग होतो. हेच रबर उन्हाळ्यात लवकर झिजते, म्हणून ते बारा महिने वापरता येत नाही.

दुसरी गोष्ट नक्षीची. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने घेतल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा असतात. त्यांना ‘साइप’ म्हणतात, जॉन साइप या अमेरिकी माणसाच्या नावावरून. कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून त्याने बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या, अशी कथा सांगतात. चाक टेकते तेव्हा या चिरा उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ थर त्यांत शिरतो. त्याखेरीज रुंद, खोल खोबणी हव्यात. राडा बाजूला फेकला जातो तो त्यांतून. नव्या हिवाळी टायरची खोली भरपूर असते. कायद्याला १.६ मिलिमीटर उरली तरी चालते, परंतु राड्यात चार-पाच मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर हिवाळी या नावाला फारसा पात्र राहत नाही.

मग ओळखायचे कसे? टायरच्या बाजूला ‘एम’ आणि ‘एस’ अशी अक्षरे दिसतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरे केवळ नक्षीच्या मोकळेपणाबद्दल सांगतात, रबराबद्दल काहीच नाही. १९९९ पासून आणखी एक खूण आली : तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. दाबलेल्या बर्फावर ठरावीक नमुना-टायरपेक्षा किमान दहा टक्के अधिक ओढ दाखवली तर ही खूण मिळते. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर सक्तीचे आहेत. आमच्या ऑन्टॅरिओत सक्ती नाही. मात्र २०१६ पासून हिवाळी टायर लावणाऱ्याला विम्यात सवलत देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे.

या डोंगराच्या खुणेनेच आमच्या अर्थसमितीत वाद पेटला. गेल्या ऑक्टोबरात जुना संच बाद झाला. ट्रकवर उन्हाळ्यात ‘ऑल-टेरेन’ जातीचे टायर असतात, मोठमोठ्या दणकट ठोकळ्यांचे, जंगलच्या खडीवाटांसाठी उत्तम. त्यांवरही ती डोंगराची खूण होती. समितीतले एक जाणते गृहस्थ म्हणाले, ‘फादर, हेच टायर हिवाळ्यात चालतील. खूण आहे. दुसरा संच कशाला? तेवढ्यात सभागृहाच्या भट्टीची दुरुस्ती होईल.’ त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पैसा शेवटी लोकांच्या दानपेटीतला, आणि येथली दानपेटी वसईतल्या सणाच्या दिवसासारखी भरत नाही.

परंतु ती खूण ज्या कसोटीवर मिळते ती ओढीची कसोटी आहे, दाबलेल्या बर्फावर गाडी पुढे नेण्याची. थांबण्याची कसोटी त्यात नाही, काचेसारख्या बर्फाची नाही, राड्याची नाही. ऑल-टेरेनचे ते देखणे, मोठे ठोकळे सैल बर्फात खणत जातात खरे. पण त्यांवर चिरा थोड्या आणि रबर खडीवर टिकावे म्हणून त्या मानाने कठीण. ओल्या बर्फावर मोठा सपाट ठोकळा म्हणजे चामड्याच्या तळव्याची चप्पल. जाईल छान, थांबेल कसा, हा माझा प्रश्न होता. मोखाड्याचा प्रश्न उलटा झाला तो असा.

या वादात मला ज्यांचे साहाय्य झाले ते आमच्या धर्मग्रामाचे नव्हेत. फिनलंडहून आलेल्या कुटुंबातले, आयुष्यभर लाकूडवाहू ट्रक चालवून निवृत्त झालेले, धर्माने लुथरन असे हे गृहस्थ पत्नीला मिस्साला सोडायला येतात आणि मिस्सा संपेपर्यंत आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरांचे निरीक्षण करीत फिरतात. त्यांच्याकडून कळले की बर्फासाठी म्हणून मुद्दाम बनवलेला पहिला टायर फिनलंडमध्ये १९३४ साली निघाला आणि तो ट्रकसाठीच होता, मोटारींसाठी नव्हे. कारण बर्फ पडला म्हणून मालाची वाहतूक थांबवणे त्या देशाला परवडत नव्हते. मोटारींसाठीचा टायर दोन वर्षांनी, १९३६ मध्ये आला. त्याला त्यांनी ‘हाक्कापेलिट्टा’ असे नाव दिले. सतराव्या शतकात तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या राजाच्या बाजूने लढलेल्या फिन्निश घोडदळाचे ते नाव. सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकताना त्या युद्धाची पाने मी वाचली होती. त्या घोडदळाच्या टापा आपल्या दिशेने येत आहेत हे कळल्यावर जर्मनीतल्या कॅथलिक गावांची काय अवस्था होत असेल, हे मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ हसले. म्हणाले, ‘फादर, आता ते तुमच्या बाजूने धावतील.’

प्रश्न पुढचा होता : खिळ्यांचे की बिनखिळ्यांचे? हिवाळी टायरांत काहींना टंगस्टन कार्बाइडच्या अतिकठीण टोकांचे बारीक खिळे बसवतात. ते काचेसारख्या बर्फात रुततात. बिनखिळ्यांच्या टायरांनी मध्यंतरी मोठी प्रगती केली, आणि ती जपानमुळे. तिथल्या शहरांत खिळ्यांनी डांबर खरवडले जाऊन हिवाळ्यात धुळीचे लोट उठू लागले, लोकांच्या छातीत ती धूळ जाऊ लागली, तेव्हा १९९० साली कायदा करून खिळे हटवण्यात आले. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, एका जपानी कंपनीने सूक्ष्म छिद्रांचे, बर्फावरचे पाणी शोषून घेणारे रबर बाजारात आणले होते. आज शहरात राहणाऱ्याने खिळ्यांचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या किंवा कोरड्या डांबरावर खिळ्यांचा लाभ नाही, आवाज मात्र आहे, आणि रस्ता झिजतो तो सर्वांचा. दक्षिण ऑन्टॅरिओतील रहिवाशांना ते आपल्या भागात वापरण्याची मुभाही नाही. उत्तरेत १ सप्टेंबरपासून ३१ मेपर्यंत परवानगी आहे.

माझा रस्ता कोणता, हे मी कागदावर लिहून काढले. उणे तीसच्या कोरड्या बर्फावर दोन्ही प्रकार चालतात. डांबर मोकळे असेल तेव्हाही दोन्ही चालतात. फरक पडतो तो एकाच ठिकाणी : दुपारचा राडा संध्याकाळी गोठतो, पारा शून्याच्या आसपास असतो, काचेवर पाण्याचा पापुद्रा असतो आणि सरोवराकडे उतरणारे वळणदार उतार समोर असतात. बर्फ सारणारी गाडी येऊन गेलेली नसते. व्हाइट रिव्हरहून परतण्याची माझी वेळ नेमकी तीच. त्या अर्ध्या तासासाठी टायर घ्यायचा, उरलेल्या साऱ्या हिवाळ्याने त्याचा आवाज सोसायचा, असे ठरवले. खिळे.

रुंदीचा मुद्दाही होता. राड्यात अरुंद टायर बरा, कारण तेवढेच वजन कमी रुंदीवर आल्याने तो राडा कापत खाली डांबरापर्यंत पोहोचतो; रुंद टायर तरंगतो. आमच्या ट्रकला २६५/७० आर १७ मापाचा टायर. त्याऐवजी २४५/७५ आर १७ घेतला तर चाकाची उंची जवळजवळ तीच राहते, जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा फरक, आणि रुंदी दोन सेंटिमीटरने कमी होते. कागदावर हा सौदा उत्तम. परंतु दुकानात ते माप फक्त जड मालवाहू जातीत, ‘ई’ श्रेणीत मिळत होते. त्या टायरची भिंत जाड व ताठ, हवा दाराच्या खांबावर लिहिलेल्या दाबाहून अधिक भरावी लागते, आणि बहुतेक वेळ रिकाम्या धावणाऱ्या ट्रकखाली तो टायर दबतच नाही. दबला नाही तर चिरा उघडणार कशा? जो रोज टनभर माल वाहतो त्याने तो जरूर घ्यावा. माझ्या खोक्यांना आणि खुर्च्यांना मूळच्याच मापाचा, प्रत्येकी १२१५ किलो भार पेलणारा, साध्या जातीचा टायर पुरेसा होता. विक्रेत्याने जाड टायरची फार स्तुती केली. पिकअपवाल्याला दणकट दिसणारी वस्तू विकणे सोपे असते, हे त्याला ठाऊक असावे.

चार टायर, खिळे, हिवाळ्यासाठी वेगळ्या साध्या लोखंडी रिमा, असे मिळून सुमारे दोन हजार डॉलर झाले. ‘मागचे दोनच घ्या, ओढतात तेच,’ असाही एक सल्ला आला; पण मागची चाके धरतात आणि पुढची घसरतात असा ट्रक वळणावर वळत नाही, सरळ जातो. अर्थसमितीत मी रबर, चिरा, खिळे हे सारे सांगितले. जाणते गृहस्थ ऐकून घेत होते. मग एक बाई, ज्या बैठकीत क्वचित बोलतात, म्हणाल्या की त्यांच्या आईला महिन्यातून दोनदा डोळ्यांच्या उपचारासाठी शहरात याच ट्रकातून नेले जाते. एवढेच म्हणाल्या. ठराव झाला. भट्टीची दुरुस्ती जानेवारीत घरोघरी मटार-सूप विकून करण्यात आली.

किंमत मी वसईला धाकट्या भावाला फोनवर सांगितली. त्याचा टेम्पो फुले आणि भाजी घेऊन पहाटे दादरला जातो. त्याने मनातल्या मनात रुपये केले, लाखाच्या वर गेलेले पाहून थोडा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, ‘फादर, एवढ्यात माझा टेम्पो म्हातारा होईपर्यंतचे टायर होतील.’ मग हळूच विचारले, ‘रस्ता एवढा वाईट आहे काय रे?’ घरात आई ऐकत असते, म्हणून मी टायरांच्या नक्षीविषयी बोलत राहिलो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच आजींना घेऊन मी शहरातून परतत होतो. ऐंशी उलटलेल्या, फ्रेंचमध्ये पुटपुटत रोझरी म्हणणाऱ्या. दुपारभर राडा झाला होता आणि तो आता धरू लागला होता. ताशी नव्वदची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मी साठने चाललो होतो. एका उताराच्या वळणापलीकडे मालवाहू ट्रेलर आडवा झालेला दिसला, दिवे लुकलुकत होते. ब्रेकखाली पायाला ती ओळखीची थरथर जाणवली, खिळ्यांचा करकर आवाज आला आणि ट्रक सरळ रेषेत थांबला. पुढे बऱ्यापैकी अंतर शिल्लक होते. मागून आलेला एक नवा कोरा, उंच पिकअप मात्र थांबला नाही. त्या तरुणाने आम्हाला वाचवण्यासाठी चक्र फिरवले आणि तो शांतपणे, अगदी सावकाश वाटावे असा, आमच्या बाजूने सरकत चरातल्या बर्फात जाऊन बसला. त्याला खरचटलेही नव्हते. ट्रकचे चारही ऑल-टेरेन टायर मी टॉर्चच्या उजेडात पाहिले. नवे होते, डोंगराच्या खुणेचे. आजींनी थर्मासमधला चहा त्याला दिला आणि रोझरीचे राहिलेले दशक पूर्ण केले. सारे श्रेय टायरला देणे मात्र न्याय्य होणार नाही. तो तरुण माझ्याहून बऱ्याच वेगाने येत होता, आणि साठऐवजी नव्वदने मी असतो तर खिळ्यांनीही काही केले असते असे वाटत नाही.

घेतल्यावर करायची कामे थोडी आहेत, पण ती टाळता येत नाहीत. नव्या खिळ्यांना पहिली काही शे किलोमीटर जपून चालवावे लागते, जोराचा ब्रेक न मारता, म्हणजे ते रबरात नीट बसतात. चाक बदलल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर नटा पुन्हा आवळायच्या. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरची हवा साधारण एक पौंडाने उतरते. उबदार दुपारी भरलेली हवा उणे तिसाच्या पहाटे बरीच कमी भरते, म्हणून ती थंड टायरमध्ये मोजायची. चाकांच्या आतल्या पोकळीत राडा साचून गोठला की चक्र पुरते वळत नाही. त्यासाठी मी सीटखाली लाकडी दांडा ठेवला आहे. चांगल्या लाकडाचा आहे, आजोबांच्या काळातल्या आमच्या मुसळासारखा.

एप्रिलच्या अखेरीस टायर उतरवतो. कायद्याने मेअखेरपर्यंत सवड आहे, परंतु मोकळ्या डांबरावर खिळे झिजवण्यात अर्थ नाही. तोवर आवारातल्या पोरांनाही तो आवाज पाठ झालेला असतो. कोरड्या रस्त्यावरून मी येऊ लागलो की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतडाट दोन घरे आधीच ऐकू येतो आणि ती खेळ थांबवून बाजूला होतात. उतरवलेले टायर चर्चच्या तळघरात, नाताळच्या गव्हाणीच्या खोक्यांशेजारी आडवे रचून ठेवतो. खिळ्यांचा टायर ज्या दिशेने फिरला त्याच दिशेने पुन्हा फिरवावा लागतो, म्हणून प्रत्येकावर खडूने ‘डावा पुढचा’, ‘उजवा मागचा’ असे मी मराठीत लिहिले. गेल्या ऑक्टोबरात घेतलेल्या त्या संचावरची ही अक्षरे पाहून फिन्निश गृहस्थांनी कोणत्या प्रार्थना लिहिल्या आहेत असे विचारले. मी अर्थ सांगितला. पुढल्या वेळी चाके बसवायला तेच येणार असल्यामुळे त्यांनी चारही शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले, आणि खिशातल्या कागदावर आपल्या लिपीत उतरवून नेले.